डोक्याला मार लागून घरी आलेल्या माणसाचा दिवस कसा बांधायचा

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहणारं, घरी तेलुगू बोलणारं कुटुंब. नवरा ३८ वर्षांचा, यंत्रमागावर कामाला. चार महिन्यांपूर्वी टेम्पोने मोटारसायकलला धडक दिली, डोक्याचं ऑपरेशन झालं, डाव्या बाजूचं कवटीचं हाड काढून ठेवलेलं आहे. उजवा हात-पाय कमजोर आहे, पण काठी घेऊन चालतात. मात्र बारीकसारीक कारणावरून भांडी फेकतात, सकाळचं संध्याकाळी विसरतात, तासन्‌तास नुसते बसून राहतात आणि "मला काही झालेलं नाही, गाडीची किल्ली दे" म्हणतात. सासूबाईंच्या मते सुनेने लाडावून ठेवलंय. बायको विड्या वळून घर चालवते, रात्रीची झोप नाही. तिचं विचारणं: हे कधी सुधारणार आणि मी नेमकं काय करू?

ताई, आधी 'कधी'बद्दल. सुधारण्याचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांत जास्त असतो. मग तो मंदावतो, पण दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही थोडं थोडं सुधारत राहतं. हात-पाय आधी येतात, आठवण आणि वागणूक मागून. अमुक महिन्यात पूर्ण बरे होतील असं छातीठोक सांगणारा एकतर अंदाज करतोय किंवा काहीतरी विकतोय.

आता काय बिघडलंय ते. कारखान्यात दहा माग चांगले आहेत, पण कोणता कधी सुरू करायचा, कुठे धागा तुटला, कधी बंद करायचा हे बघणारा मुकादम गैरहजर आहे, अशी कल्पना करा. मेंदूचा पुढचा भाग हा तो मुकादम. त्याला मार लागला की माणसाला अंघोळ करता येते, पण अंघोळीला उठायचं सुचत नाही. राग सगळ्यांनाच येतो, यांचा थांबत नाही. आणि आपल्यात काही कमी झालंय हे ओळखणंही त्याच मुकादमाचं काम असल्यामुळे ते त्यांना कळत नाही. याला नाटक म्हणू नका, आळसही म्हणू नका. घरातली बाई हे मुकादमाचं काम स्वतःच्या अंगावर घेते, दिवसभर 'उठा, जेवा, औषध घ्या' करत राहते आणि मग सगळा राग तिच्यावरच निघतो. ते काम भिंत, घड्याळ आणि ठरलेला क्रम यांच्याकडे सोपवायचं. पुढचं बरंचसं त्याबद्दलच आहे.

पण त्याआधी एक खात्री करून घ्या. चिडचिड, सुस्ती, विसरणं यांमागे कधी कधी औषधाने बरी होणारी गोष्ट लपलेली असते. फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरॅसिटॅम नावाची गोळी चालू आहे का ते पाकिटावर बघा. या गोळीने काही जणांची चिडचिड खूप वाढते. डॉक्टरांना "ही गोळी सुरू झाल्यावर राग वाढला का" हे तारखांसकट सांगा, ते डोस कमी करतील किंवा गोळी बदलतील. स्वतःहून मात्र एक दिवसही बंद करू नका, अचानक थांबवल्याने फिट येऊ शकते. दुसरं, डोक्यात पाणी साठणं. झोप वाढली, पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल झाली आणि कपड्यांत लघवी होऊ लागली, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर पुन्हा सीटी स्कॅन लागतो. तिसरं, छोट्या फिट: एक-दोन मिनिटं टक लावून बघणं, ओठ चाटणं, हाक न ऐकणं आणि नंतर गोंधळणं. मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवा, दहा वाक्यांच्या वर्णनापेक्षा तो उपयोगी पडतो. रक्तातलं सोडियम, सकाळी आठ वाजताचं कॉर्टिसॉल आणि थायरॉईड एकदा तपासायला सांगा, कारण डोक्याच्या मारानंतर पिट्यूटरी ग्रंथी (मेंदूच्या तळाशी असते, शरीरातली हार्मोन्स सांभाळते) मंदावलेली असू शकते आणि तो थकवा कोणत्याही टॉनिकने जात नाही. शेवटची गोष्ट अगदी साधी: बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, दुखणारा उजवा खांदा. बोलून न सांगता येणारं दुखणं रागातून बाहेर पडतं. खांद्यावरून आठवलं, त्यांना उठवताना उजव्या हाताला धरून कधीही ओढू नका. कमजोर खांदा त्यानेच निसटतो.

पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी गुंगी, नव्याने आलेला लुळेपणा, नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव, ताप येऊन टाक्यांतून पाणी किंवा हाड काढलेल्या जागी फुगून कडक झालेली गादी, यांतलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

काढलेल्या हाडाबद्दल. हे हाड बहुतेक वेळा पोटाच्या कातडीखाली ठेवतात किंवा दवाखान्यात शीतपेटीत. कुठे ठेवलंय हे डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलं असतं, नसेल तर लिहून घ्या. जखम कोरडी आणि सूज उतरलेली असेल तर साधारण तीन महिन्यांनंतर ते परत बसवण्याचा विचार होतो. म्हणजे तुम्ही आत्ताच विचारायला हवं. उठून बसलं की ती जागा आत खचते, डोकं दुखतं, सुस्ती वाढते आणि आडवं झालं की बरं वाटतं, असं होत असेल तर तेही सांगा. कवटी बंद केल्यावर काहींची हुशारी लक्षात येण्याइतकी सुधारते. तोपर्यंत त्या कुशीवर झोपवायचं नाही आणि चालताना डोक्यावर संरक्षण हवं. मोटारसायकलचं हेल्मेट जड असतं आणि नेमकं त्या मऊ जागेवर दाबतं, ते नको. कृत्रिम अवयव बनवणाऱ्याकडून मऊ टोपी करून घ्या किंवा सायकलचं हलकं, छिद्रांचं हेल्मेट आतून सुती कापड लावून वापरा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते कापड दिवसातून दोनदा बदलावं लागतं, नाहीतर घामाने टाक्यांच्या जागी पुरळ येतं आणि मग ते टोपी घालणंच सोडतात.

फिट आली तर उजव्या कुशीवर वळवा (हाड काढलेली डावी बाजू वर राहील अशी), डोक्याखाली दुमडलेला टॉवेल ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा नाही, चप्पल नाही. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, तर १०८ ला फोन. दारू, ताडी पूर्ण बंद, सणालाही नाही. पूर्वी ज्याला चार ग्लासांनी काही होत नव्हतं त्याला आता एकाने चढते, आणि फिट येण्याचा धोका वाढतो तो वेगळा.

आता राग. भांडी फेकायला लागल्यावर काय करावं हे सगळे विचारतात, पण खरं काम त्याच्या अर्धा तास आधीचं असतं. एक साधी वही घ्या आणि पंधरा दिवस प्रत्येक भडक्याच्या चार गोष्टी लिहा: किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, खोलीत कोण होतं, कशाने थांबलं. पंधरा दिवसांत चित्र दिसायला लागतं. बहुतेक घरांत ते भूक, थकवा, आवाज आणि घाई यांभोवतीच फिरतं. आपल्या शहरात एक खास दिवस असतो, नळाला पाणी येण्याचा. चार-पाच दिवसांनी पाणी येणार, तेही अवेळी, घरभर घागरी-पिंपं, आरडाओरडा, मोटारीचा आवाज. त्या दिवशी राग हमखास. त्या दिवशी त्यांना एकच ठरलेलं, बसून करण्यासारखं काम द्या (पिंप भरलं की नळाकडे बघून हाक मारायची, एवढंच), किंवा तो तासभर शेजारी किंवा गच्चीवर सावलीत नेऊन बसवा. गड्ड्याची यात्रा, मार्कंडेय रथोत्सव, कुठलीही डीजेची मिरवणूक असेल तर रस्त्याकडची खोली टाळा, कानात कापूस घाला. घरातच माग असेल तर त्यांची खाट मागापासून दूरच्या भिंतीला. पूर्वी याच आवाजात झोप लागायची हे खरं. आता मेंदू तो आवाज बाजूला सारू शकत नाही.

भडका उडण्याआधी शरीर सांगतं. आवाज चढतो, एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो, मूठ वळते, येरझाऱ्या सुरू होतात. तिथेच थांबायचं. वाद घालायचा नाही, कारण समजवायचं नाही. एकच माणूस बोलेल, हळू आवाजात, चार-पाच शब्दांत: "बरं. आपण बाहेर बसू." टीव्ही बंद, मुलं दुसऱ्या खोलीत. मागून खांद्याला हात लावू नका, समोरून, एक हात अंतर ठेवून बोला. दार त्यांच्या मागे नसून तुमच्या बाजूला असू द्या, म्हणजे गरज पडली तर बाहेर पडता येईल. विळी, कातर, वरवंटा डोळ्यांसमोर नकोत. स्टीलची भांडी फेकली तर फेकू द्या, वेचायचं काम नंतर. शांत झाल्यावर "बघा तुम्ही काय केलंत" म्हणून तासाभराने उकरू नका. त्यांना ते अर्धवट आठवत असतं आणि पुन्हा तीच आग लागते. मार बसत असेल तर मात्र 'आजारी आहेत' म्हणून सोसत राहायचं नाही. मुलांना घेऊन बाहेर, गरज असेल तर ११२, आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ. सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, हा विभाग आहे. जाताना ती पंधरा दिवसांची वही न्या. त्यावरून गोळीची वेळ ठरते, सरसकट गुंगीचं औषध देण्याची वेळ येत नाही. गुंगीच्या गोळ्यांनी घर शांत होतं खरं, पण पडणं वाढतं आणि सुधारणा मंदावते. म्हणून 'किती दिवसांसाठी' हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

गाडीची किल्ली. "तुम्हाला येत नाही" हे वाक्य घरातून काढून टाका, ते त्यांना पटणं मेंदूला सध्या शक्यच नाही. "डॉक्टरांनी लिहून दिलंय, पुढच्या तारखेला विचारू" हे वाक्य चालतं, कारण नकार तुमच्याकडून येत नाही. डॉक्टरांकडून खरोखरच एका कागदावर 'वाहन चालवू नये, मागावर काम करू नये' असं लिहून घ्या, लॅमिनेट करून दारामागे लावा. गाडी डोळ्यांसमोर उभी असेल तर कागद हरतो. ती भावाकडे, साडूकडे, कुठेतरी लांब हलवा. लायसन्सच्या अर्जात आकडी किंवा अचानक शुद्ध हरपणं आहे का हे स्वतः लिहून द्यावं लागतं, म्हणजे हा प्रश्न नुसता घरातला नाही. उजवा पाय कमजोर, उजवीकडचं उशिरा दिसणं, ब्रेकला लागणारी अर्ध्या सेकंदाची दिरंगाई, यांतलं एक पुरे असतं.

किल्लीइतकाच धोका मोबाईलच्या पैशांत आहे. विचार न करता होकार देण्याची सवय लागलेली असते. उसने देणं, अनोळखी फोनवर ओटीपी सांगणं, कोऱ्या कागदावर सही करणं, सगळं होतं. त्यांच्या मोबाईलला जोडलेल्या खात्यात हजार-पाचशेच ठेवा, बाकी पैसा दोघांच्या सहीच्या खात्यात. पूर्ण पैसे काढून घेऊ नका. खिशात शंभरची नोट असलेला माणूस आणि रिकाम्या खिशाचा माणूस यांच्या वागण्यात फरक पडतो.

बसून राहण्यावर उपाय भिंतीचा. मोठ्या पुठ्ठ्यावर दिवसाच्या सात-आठ ओळी, जाड अक्षरात, शक्य तर चित्र किंवा फोटो लावून. सकाळी साडेसहा उठणं, सात ते आठ चालणं आणि हाताचे व्यायाम, साडेआठ नाश्ता व गोळी, दहा वाजता एक काम, साडेबारा जेवण, एक ते दीड झोप, पाच वाजता कोणी भेटायला, साडेनऊ झोप. उन्हाळ्यात घराबाहेरचं सगळं सकाळी साडेआठच्या आत संपवा. आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो आणि थकलेला मेंदू उन्हात आणखी लवकर गळतो. प्रत्येक ओळीला मोबाईलचा गजर लावा, त्यांच्याच आवाजात किंवा मुलाच्या आवाजात रेकॉर्ड केलेला. गजर वाजला की तुम्ही बोलायचं नाही, भिंतीकडे बोट दाखवायचं. पहिले आठ-दहा दिवस काहीच होत नाही आणि घरातले "बघितलं, उपयोग नाही" म्हणून तक्ता काढून टाकतात. सवय लागायला तीन-चार आठवडे जातात.

एका ओळीत एकच काम. 'अंघोळ' हे मुकादम नसलेल्या मेंदूसाठी एक काम नसतं, आठ कामं असतात. बादली आधीच भरून ठेवा, साबण डावीकडे, स्टूल भिंतीला टेकवून, कपडे घालायच्या क्रमाने रचलेले: बनियन सगळ्यांत वर. कमजोर हात आधी बाहीत, काढताना चांगला हात आधी. अर्ध्यावर थांबले तर करून देऊ नका. "पुढे काय?" विचारा आणि दहापर्यंत मोजा. त्या दहा सेकंदांत मेंदू उत्तर शोधत असतो. आपण तिसऱ्या सेकंदाला हात घालतो आणि शोध थांबतो.

थकवा दिसायच्या आधी विश्रांती द्या. अर्धा तास काम, पंधरा मिनिटं शांतता, हे प्रमाण सुरुवातीला बरं. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर गेली की रात्र बिघडते, आणि त्यांची रात्र बिघडली की तुमची.

आठवणीसाठी परीक्षा घेणं बंद करा. "मला ओळखलंस का? सांग बरं मी कोण?" हा आपल्याकडच्या प्रत्येक पाहुण्याचा पहिला प्रश्न असतो. उत्तर आलं नाही की चारचौघांत अपमान, आणि चुकीचं आलं तर मेंदूत चुकीचंच पक्कं होतं. बरोबर उत्तर आधी द्यायचं: "मी तुझा साडू, अक्कलकोटहून आलोय." मग थोड्या वेळाने सहज विचारायचं. आलं तर पुढची वेळ दुप्पट लांबवायची: एक मिनिट, दोन, चार, आठ. अडखळले तर लगेच सांगून मागच्या वेळेवर या. अशा रीतीने काठी कुठे ठेवायची, गोळ्यांची डबी कुठे आहे, इतकंच शिकवा. एका आठवड्यात एक गोष्ट. खिशात छोटी वही, दोरीने पेन बांधलेलं. तारीख, काय केलं, कोण आलं. बघायला येणारे एका वेळी दोघंच, पंधरा मिनिटं, संध्याकाळी. दारावर तशी पाटी लावली तर नातेवाईक नाराज होतात. होऊ द्या.

घडलेलं नाही असं काही ते खात्रीने सांगतील, "काल मी मागावर गेलो होतो". हे खोटं बोलणं नाही. रिकामी जागा मेंदू स्वतःच भरून काढतो. खोडू नका, मान डोलवा आणि वहीतलं पान उघडा.

भाषेचा प्रश्न सोलापुरात फार गुंतागुंतीचा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. डाव्या बाजूचा मार असल्याने शब्द सापडणं अवघड जातंय. लहानपणापासून घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत आणि कारखान्यात मराठी, अशा माणसाच्या सगळ्या भाषा एकसारख्या परत येत नाहीत. एखादी आधी येते, दोन मिसळतात, "पाणी" म्हणायचं असतं आणि तोंडून "नीळ्ळु" निघतं. पाणी द्या आणि आनंदाने द्या. भाषा सुधारत बसू नका. तपासणारा मराठी-हिंदीतच प्रश्न विचारत असेल, तर घरी कोणती भाषा आहे हे तुम्ही आपणहून सांगा, नाहीतर येत असलेली गोष्टही 'येत नाही' म्हणून नोंदली जाते. घरात सगळ्यांनी त्यांच्याशी एकाच भाषेत बोलायचं ठरवा, तुमच्या घरी ती तेलुगूच. छोटी वाक्यं, हो-नाहीचे प्रश्न, दोन वस्तू समोर धरून निवड. एक ते दहा मोजणं, वार म्हणणं, आरती, भजन हे बऱ्याचदा शाबूत राहिलेलं असतं. बोलता न येणारा माणूस आरतीची दोन कडवी सलग म्हणतो तेव्हा घरच्यांना वाटतं, म्हणजे इतर वेळी मुद्दाम गप्प बसतो. तसं नाही. पाठ केलेलं आणि गायलेलं वेगळ्या वाटेने येतं. त्याच वाटेचा उपयोग करून रोज दहा मिनिटं म्हणायला लावा. शिव्याही याच वाटेने येतात, त्या मनाला लावून घेऊ नका.

जेवणाबाबत दोनच गोष्टी, कारण ते बसून जेवतात. पाणी पिताना ठसका, जेवल्यावर ओला घोगरा आवाज, अधूनमधून ताप, असं असेल तर घास श्वासनलिकेत जातोय. अशा माणसाला कडक भाकरी आणि कोरडी शेंगाचटणी हे सगळ्यांत धोक्याचं जोडपं, कारण भुगा घशात पसरतो. भाकरी दुधात किंवा ताकात पूर्ण मुरवून, चटणी दह्यात कालवून, ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, घास लहान, जेवल्यावर अर्धा तास आडवं नाही. दुसरी गोष्ट वासाची. डोळे मिटवून हिंग किंवा कॉफी हुंगायला द्या. वास येत नसेल तर गॅस गळलेला त्यांना कधीच कळणार नाही. एकट्याने शेगडी पेटवायची नाही आणि रेग्युलेटर रोज रात्री बंद. विडी ओढत असतील तर अंथरुणात नाही.

आता तुमच्याबद्दल, आणि हा भाग वगळून वाचू नका. माणूस समोर बसलेला असतो आणि तरीही हरवलेला असतो. या दुःखाला सुतक नसतं, त्यामुळे कोणी भेटायला येत नाही, उलट "नशीब वाचले" असं ऐकवतात. वाचले याचा आनंद आणि पूर्वीचा माणूस गेला याचं दुःख, दोन्ही एकाच वेळी वाटणं स्वाभाविक आहे. कधी कधी 'सुटले असते तर' असा विचारही येतो, तो आला म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. तीन आठवड्यांपेक्षा जास्त झोप उडाली, जेवण जाईना, जीव नकोसा वाटू लागला, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा मोफत क्रमांक आहे, त्यावर मराठी, कन्नड, तेलुगूत बोलता येतं.

झोपेची व्यवस्था आधी. आठवड्यातून निदान दोन रात्री दुसरं कोणीतरी त्यांच्या खोलीत झोपेल, तुम्ही दार लावून दुसरीकडे. "कुणीतरी येऊन जा" असं मोघम सांगितलं तर कोणी येत नाही. दिराला "मंगळवार आणि शनिवार, रात्री दहा ते सहा" असं सांगा. आठवड्यातले चार तास तुमचे. त्यात विड्या वळायच्या नाहीत. जवळीक बदललेली असते, काहींची इच्छा संपते, काहींचा संयम सुटतो. नकार द्यायचा तुमचा हक्क आजाराने जात नाही आणि डॉक्टरांशी हे बोलणं लाजेचं नाही.

सासूबाईंशी वाद घालून काही होणार नाही. पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर न्या आणि सीटीची फिल्म डॉक्टरांना त्यांच्यासमोर उजेडात धरायला सांगा. मग तक्त्यातली एक ओळ त्यांच्या नावावर करा, सकाळचं चालणं किंवा आरती. बाहेरून दोष देणारा माणूस रोजच्या कामात आला की दहा दिवसांत भाषा बदलते. देवर्षी, उतारा, नवस यावर घरात भांडण काढू नका. गोळ्या चालू राहतील आणि अंगाला चटका, धुरी, उपास होणार नाही, एवढ्या अटीवर सोडून द्या. मुलांना सांगायचं ते एवढंच: नान्नांच्या (वडिलांच्या) डोक्याला आतून लागलंय, म्हणून ते ओरडतात, तू काही चुकलं नाहीस.

कागदपत्रांत एक गोष्ट वेळेत करायची आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करावा असा नियम आहे, तुमचे चार गेले. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, सीटीचे अहवाल, औषधांची बिलं आणि मागावरच्या पगाराचा पुरावा घेऊन जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि दिव्यांगांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दाव्यात देखभाल करणाऱ्याचा खर्च वेगळा मागा. २०२० मध्ये डोक्याला मार लागलेल्या एका मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा खर्च पुढच्या वर्षांचा हिशेब धरून दिला आहे. राग, विसरणं हेही नुकसानच आहे, तेव्हा ती पंधरा दिवसांची वही इथेही जपून ठेवा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सिव्हिलमध्ये तपासणी. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत 'मेंदूला इजा' असा वेगळा प्रकार नाही, म्हणून नुसता हात-पाय दाखवून परत येऊ नका. वाचा आणि मानसिक वर्तन यांचीही तपासणी मागा, नाहीतर टक्केवारी ४० च्या आत अडकते आणि बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात. प्रकृती बदलती असेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, संपायची तारीख लिहून ठेवा. प्रमाणपत्र हातात आलं की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. हाड बसवण्याच्या शस्त्रक्रियेआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, भरती झाल्यावर धावपळ नको.

काम. मागावर आत्ता नाही, आणि हाड बसवून, फिट नसल्याची खात्री होऊनही लगेच नाही. धोटा, पट्टा आणि उजवीकडचं अपुरं लक्ष एकत्र आलं की बोट जातं. पण रिकामं बसवणंही नको. घरी टॉवेलच्या घड्या घालून डझनाचे गठ्ठे करायचं काम आणा. सुरुवातीला २४ नग, दोन गठ्ठे, बस. टेबलावर बारा चौकोन आखा, प्रत्येकात एक घडी, सगळे भरले की बांधायचं. मोजायची गरज नाही, चूक व्हायला जागा नाही. उजव्या हाताने टॉवेलचं टोक नुसतं दाबून धरलं तरी पुरे, त्या हाताला काम हवंय. दोन आठवडे गठ्ठे बरोबर आले की चौकोन पुसून मोजायला लावा. चुका वाढल्या तर चौकोन परत. आवाज नसलेल्या खोलीत तास टिकतोय, असं झालं की टीव्ही हळू लावून बघा. मालकाशी बोलायची वेळ येईल ती यानंतर, आणि तेव्हा मागावर नको, गोदामात तीन तासांचं काम मागा, सकाळच्या पाळीत.